एकतर्फी सौद्यांचे वाङ्मय

वाङ्मयाच्या ज्या प्रकारांकडे आमच्या समीक्षकांची नजर अजून वळलेली नाही, त्यांत क्रीडाशौकिनांनी मनोमन रचलेल्या सौद्यांना मी पहिला क्रमांक देईन. या प्रकाराला प्रकाशक नाही, पारितोषिक नाही, आणि संमेलनाच्या अध्यक्षपदाची निवडणूक तर नाहीच नाही. तरीही जळगावच्या बसस्थानकापासून धुळ्याच्या आग्रा रोडपर्यंत, मध्ये एरंडोल-पारोळ्याला एस.टी. थांबते तेवढ्या वेळातसुद्धा, त्याची निर्मिती अखंड चालू असते. दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाला गेला की तिला विशेष भरती येते. कारण साधारणपणे त्याच सुमारास क्रिकेटच्या आय.पी.एल.मधील संघांना कोणते खेळाडू ठेवणार आणि कोणते सोडणार हे जाहीर करावे लागते. "अमुक संघाने आपले हे दोन गडी द्यावेत आणि तमुक संघाचा तो एक घ्यावा" अशा एका वाक्यात सबंध कृती आटोपते. आकाराने सुभाषिताएवढी, महत्त्वाकांक्षेने महाकाव्याएवढी!

ज्या वाचकांचा खेळाशी संबंध "तो आवाज जरा कमी करा" एवढे सांगण्यापुरताच येतो, त्यांच्यासाठी थोडा खुलासा केला पाहिजे. आय.पी.एल.चे संघ खेळाडू लिलावात घेतात, हे आता घरोघर ठाऊक आहे. पण लिलावाशिवाय आणखी एक दार आहे. दोन हंगामांच्या मधल्या काळात एक संघ आपला खेळाडू दुसऱ्याला देऊ शकतो. मोबदल्यात खेळाडू घेतो, नाही तर पैसे घेतो. या व्यवहाराला ट्रेड म्हणतात. अमेरिकेतील बास्केटबॉलच्या एन.बी.ए. या स्पर्धेत ही रीत फार जुनी आहे. तेथे लिलाव नाही. नवे खेळाडू दर वर्षी पाळीपाळीने निवडले जातात. आधीच्या हंगामात जे संघ तळाला राहिले, त्यांना पहिल्या पाळ्या मिळण्याची शक्यता अधिक. आणि ही पाळीसुद्धा, पुढच्या चार-पाच वर्षांची धरून, देता-घेता येते. आपल्याकडे उभ्या पिकावर उचल घेतात ना, त्यातलाच प्रकार.

ही हौस आता खानदेशातही येऊन पोचली आहे. आमच्या शाळेच्या मैदानावर बास्केटबॉलचा एक खांब आहे. त्याला कडी आहे, जाळी नाही. त्या खांबाखाली संध्याकाळी घुटमळणाऱ्या एका नववीतल्या मुलाच्या भूगोलाच्या वहीत, मागच्या पानावर, मला २०२५ च्या पावसाळ्यात असा एक सौदा वाचायला मिळाला: लॉस एंजेलिसच्या लेकर्स संघाने आपले दोन राखीव खेळाडू आणि दुसऱ्या फेरीतली एक पाळी द्यावी, आणि मिल्वॉकीने आपला यानिस अंतेतोकूनपो द्यावा. यानिस म्हणजे २०१९ आणि २०२० अशी लागोपाठ दोन वर्षे त्या स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला, आणि २०२१ साली मिल्वॉकीला पन्नास वर्षांनी अजिंक्यपद मिळवून देणारा गडी. खाली मुलाने कारणही नोंदले होते: "मिल्वॉकी कबूल होईल, कारण त्यांना नवीन संघ बांधायचा आहे."

अक्षर चांगले होते. पुढच्या पानावरचा तापी खोऱ्याचा नकाशाही बरा होता. पण ते "कारण" मी बराच वेळ पाहत राहिलो. कादंबरी लिहिणाऱ्याला असली कारणे फार ओळखीची असतात. नायिकेने होकार द्यायचा की नकार, हे तिच्या स्वभावावरून न ठरता प्रकरण कोठे संपवायचे यावरून ठरू लागले, म्हणजे लेखकाला जी कारणे सुचतात, ती या जातीची. मिल्वॉकीला नवा संघ बांधायचा असेलही. पण तो लेकर्सच्या अडगळीतून बांधायचा, असे त्यांना का वाटावे? या प्रश्नाला वहीत जागा नव्हती. या वाङ्मयातल्या दुसऱ्या संघाला मन नसते, पोट नसते, आठवण नसते. संगीत नाटकातल्या भालदाराला निदान दोन वाक्ये तरी मिळतात, याच्या वाट्याला एकच: "कबूल."

हे सौदे अशक्य का असतात, याचे उत्तर पुष्कळ जण "चाहत्यांना खेळ कळत नाही" असे देतात. मला ते पटत नाही. त्या मुलाला बास्केटबॉल माझ्यापेक्षा शतपटीने कळतो. कोणाचा पगार किती, कोणाचा गुडघा दुखतो, कोण डाव्या हाताने टाकतो, सगळे त्याला पाठ. त्याच्या रचनेत उणीव आहे ती माहितीची नसून पात्रांची. सौद्याला दोन माणसे लागतात आणि येथे एकच आहे. दुसऱ्याच्या जागी आपलाच हात झग्यात घालून नाचवलेली बाहुली आहे. शिवाय तो एकटा माणूसही दोन वेगळ्या वजनांनी तोलतो. द्यायचा खेळाडू निवडताना "हा आता आपल्या उपयोगाचा नाही" म्हणून निवडतो, आणि त्याची किंमत सांगताना मात्र चार वर्षांपूर्वी त्याने गाजवलेली एक संध्याकाळ पुढे करतो. आम्हाला नको आहे तोच त्यांना मात्र हवाहवासा वाटेल, हा या सगळ्या वाङ्मयाचा मूलाधार आहे.

नवल हे, की आमच्या भागातल्या माणसाला हा हिशेब शिकवावा लागू नये. गुरांच्या बाजारात जाऊन पाहा. पंच्याखाली किंवा रुमालाखाली हात घालून बोटे दाबीत भाव ठरवण्याची रीत अजून पुरती गेलेली नाही. बैल घेणारा आधी दात पाहतो, मग खूर, मग चालवून पाहतो. हेड्या कितीही गोड बोलला तरी "मारका आहे का? बसतो का?" हे विचारल्याशिवाय विसार देत नाही. आणि बैल बदलायचा असेल, म्हणजे आपला देऊन दुसऱ्याचा चांगला घ्यायचा असेल, तर वर रोख पैसे मोजावे लागतात, हे दहा वर्षांच्या पोरालाही माहीत. तेथे जाऊन कोणी आपले दोन थकलेले बैल पुढे केले आणि त्यांच्या बदल्यात एक तरणा, सहा दाती बैल मागितला, तर समोरचा रागावणारसुद्धा नाही. तो शेजाऱ्याकडे पाहून हसेल आणि चहा मागवील. कारण दोन थकलेले बैल मिळून एक तरणा होत नाही. कडबा मात्र दुप्पट लागतो.

चाहत्यांच्या सौद्यांतला सर्वांत आवडता नमुना नेमका हाच आहे: दोन द्या, एक घ्या, तीन द्या, एक घ्या. बेरजेने खेळाडू होत नाही, ही गोष्ट बाजूला ठेवली तरी जागेचा प्रश्न उरतो. बास्केटबॉलमध्ये मैदानावर एका वेळी पाचच जण असतात आणि एन.बी.ए.च्या संघाला नेहमीच्या करारावरचे पंधराच खेळाडू ठेवता येतात. तीन मधल्या प्रतीचे गडी घेणाऱ्याला आपले दोघे सोडावे लागणार, आणि मैदानावर पाचांत एकटा जो फरक पाडत होता, त्याची जागा ते तिघे मिळूनही भरणार नाहीत. पगाराचे बंधन त्याहून कडक. ज्या संघाचा खर्च ठरलेल्या मर्यादेपुढे गेला आहे, त्याला जितक्या पगाराचे खेळाडू बाहेर जातील साधारण तितक्याच पगाराचे आत घेता येतात. २०२३ साली संघमालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यात जो करार झाला, त्यात तर सर्वांत खर्चिक संघांना दोन लहान पगारांची बेरीज करून एक मोठा पगार आणण्याची मनाईच केली आहे. आमच्या बाजारातले कडब्याचे शहाणपण तेथे वकिलांनी कलमात घातले, एवढेच.

आपल्या सारंगखेड्याच्या घोडेबाजाराचाही येथे दाखला देण्याजोगा आहे. दत्तजयंतीला तापीकाठी ही यात्रा भरते. १९९८ पर्यंत हे गाव धुळे जिल्ह्यात होते, आता नंदुरबारमध्ये आहे. तेथे काही घोडे विकायला आणलेले असतात आणि काही नुसते मिरवायला. मिरवायला आणलेल्या घोड्याभोवतीच गर्दी जास्त. कोणी तरी पुढे होऊन "कितलाले देशी, भो?" म्हणून विचारतो, मालक मिशीतल्या मिशीत हसतो आणि असा आकडा सांगतो की विचारणाऱ्याने पुन्हा विचारू नये. चाहते बहुतेक असल्याच घोड्यांना हात घालतात. तो विकायला आहे की नाही, हे आधी पाहण्याची पद्धत या वाङ्मयात नाही.

बरे, एकतर्फी सौदे जगात होतच नाहीत काय? होतात. आणि ते कोठे होतात, हे जळगाव जिल्ह्याइतके कोणाला ठाऊक असणार? रावेर, यावल, सावद्याच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, मान मिळाला. पण तयार झालेला घड मानांकनासाठी थांबत नाही. बऱ्हाणपूरच्या बाजारात निघालेला भाव सगळ्यांना कळतो. परंतु बागेच्या बांधावर उभा राहून व्यापारी म्हणतो, "माल बारीक आहे, गाडी उद्या मिळेल न मिळेल," तेव्हा जाहीर झालेला भाव आणि हातात पडणारा भाव यांत पडायचे ते अंतर पडतेच. ज्याच्या वहीतला सौदा मी वर सांगितला, त्या मुलाच्या घरी केळीच आहे. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात वाऱ्याने त्यांची अर्धी बाग आडवी केली. घड कापून देण्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि घेणाऱ्याला ते दिसत होते. किती भाव मिळाला हे त्या मुलाने मला सांगितले, आणि सांगताना तो खांबाकडे पाहत होता. पोराला हसू येत नव्हते. समोरच्याला "नाही" म्हणण्याची सोय नसणे म्हणजे काय, हे त्याने घरात बसून पाहिले होते.

चाहत्यांच्या प्रत्येक सौद्यात दुसरा संघ हा असा बाग आडवी झालेला केळीवाला गृहीत धरलेला असतो. प्रत्यक्षात बहुतेक संघ कापूसवाले असतात. कापूस घरात भरून ठेवता येतो. अंगाला खाज सुटते, उंदीर लागतात, पाहुण्यांना बसायला जागा राहत नाही; पण भाव पटला नाही तर दार लावून घेता येते. ज्या खेळाडूचा करार अजून दोन-तीन वर्षे आहे, तो संघाच्या घरातला कापूस आहे. उद्या द्यायला हरकत नाही, आजच का द्यायचा? (थांबण्यातही धोका असतोच. २०२२ साली कापूस क्विंटलला दहा हजारांवर गेला, आणि पुढल्या हंगामात त्याच आशेने ज्यांनी घरे भरून ठेवली, त्यांना खालच्या भावाने विकावा लागला. पण तो धोका त्यांनी स्वतः पत्करलेला होता. दुसऱ्याने लादलेला नव्हता.)

याचे एक उत्तम उदाहरण २०१९ मध्ये घडले. न्यू ऑर्लिन्सचा उंचापुरा खेळाडू अँथनी डेव्हिस याने जानेवारीत उघडपणे कळवले की, मला येथून दुसरीकडे द्या. आता माल स्वस्तात पडणार, असे कोणत्याही गिऱ्हाइकाला वाटावे. मालकाची अडचण चव्हाट्यावर आलेली. लेकर्सनी फेब्रुवारीत हात पुढे केला. न्यू ऑर्लिन्सने दार लावून घेतले. करारात अजून वर्ष होते. जूनमध्ये सौदा ठरला, तेव्हा त्याच लेकर्सना ब्रँडन इंग्रम, लाँझो बॉल आणि जॉश हार्ट हे तीन तरुण खेळाडू आणि त्यांच्याबरोबर पहिल्या फेरीच्या तीन पाळ्या द्याव्या लागल्या. आणि एवढे देऊन लेकर्सचे नुकसान झाले म्हणावे, तर पुढच्याच वर्षी, २०२० मध्ये, डेव्हिसला घेऊन त्यांनी अजिंक्यपद मिळवले. दोन्ही घरांत काही तरी आले आणि दोन्ही घरांतून काही तरी गेले.

माझे हे विवेचन ऐकून तो मुलगा म्हणाला, "पण सर, लुकाचं काय?" वाचकांपैकी जाणकारांच्याही ओठांवर हाच प्रश्न असेल, तेव्हा तो टाळता येणार नाही. लुका डाँचिच हा डॅलसचा खेळाडू, वय अवघे पंचवीस, २०२४ साली संघाला अंतिम फेरीपर्यंत घेऊन गेलेला. २०२५ च्या फेब्रुवारीच्या आरंभी, मध्यरात्रीच्या सुमारास बातमी आली की डॅलसने तो लेकर्सना दिला. आणि घेतला कोण, तर हाच डेव्हिस, आता एकतीस वर्षांचा, सोबत मॅक्स क्रिस्टी हा एक तरुण गडी आणि २०२९ ची पहिल्या फेरीची एक पाळी. चाहत्याच्या वहीतून उचलून आणावा असा सौदा! तेव्हापासून सगळे वहीवाले हा दाखला देतात: ते झाले, मग आमचे का होणार नाही?

मी त्या मुलाला विचारले, झाले ते कसे झाले ते पाहिलेस का? डॅलसने इतर संघांकडे विचारणाच केली नाही, एकाच गिऱ्हाइकाशी गुपचूप बोलणी केली, असे सगळीकडे छापून आले. कापूस घरात असताना, भाव न विचारता, पहिल्याच व्यापाऱ्याच्या गाडीत भरून देण्यासारखे हे झाले. त्यानंतर डॅलसच्या मैदानात महिनोन् महिने प्रेक्षक व्यवस्थापक निको हॅरिसन याला काढा म्हणून ओरडत होते, आणि ११ नोव्हेंबर २०२५ रोजी त्याला काढण्यात आले. एन.बी.ए.च्या तीस संघांच्या व्यवस्थापकांनी ती आरोळी ऐकली असेल. तेव्हा हा दाखला चाहत्यांना वाटतो तसा त्यांच्या बाजूचा नाही. असा सौदा केल्यावर घरी बसावे लागते, हे ज्याने डोळ्यांनी पाहिले, तो पुढच्या वेळी दार उघडण्यापूर्वी दहा जणांना भाव विचारील.

आणखी एक गोष्ट आहे. सौदा एकतर्फी आहे की नाही, हे त्या दिवशी दिसतेच असे नाही. २०१३ मध्ये ब्रुकलिनने बॉस्टनकडून पॉल पियर्स आणि केविन गार्नेट ही मोठी नावे घेतली. एक पस्तिशीचा, दुसरा सदतिशीचा. पण नावे अशी की ऐकूनच छाती फुगावी. बदल्यात पुढच्या वर्षांच्या पाळ्या दिल्या. पाळ्या म्हणजे काय, कागदच! त्या कागदांतून बॉस्टनने २०१६ मध्ये जेलन ब्राउन आणि २०१७ मध्ये जेसन टेटम निवडला, आणि २०२४ साली त्या दोघांच्या खांद्यावर बसून अजिंक्यपद घरी आणले. चाहत्याला नाव दिसते, बी दिसत नाही. शेतकऱ्याच्या पोराने तरी बियाण्याची पिशवी नीट वाचायला हवी.

येथवर मी सौद्यात दोन पात्रे मोजली. वास्तविक तीन असतात. बैलाला कोणी विचारीत नाही. खेळाडूला विचारावे लागते. बास्केटबॉलमध्ये, अगदी थोड्या नामवंतांनी करारात तसे लिहून घेतलेले सोडले तर, खेळाडूला न विचारताही पाठवता येते. आय.पी.एल.मध्ये मात्र खेळाडूची संमती आवश्यक आहे. या तिसऱ्या पात्राचे काय होते, ते महाराष्ट्राने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे.

२०२३ च्या नोव्हेंबरात मुंबई इंडियन्सने गुजरातकडून हार्दिक पंड्या परत आणला. कर्णधार म्हणून त्याने गुजरातला २०२२ मध्ये पहिल्याच हंगामात विजेतेपद आणि २०२३ मध्ये अंतिम फेरी मिळवून दिली होती. बदल्यात गुजरातने एकही खेळाडू घेतला नाही. व्यवहार रोखीचा, हार्दिकचे मानधन १५ कोटी आणि त्याखेरीज गुजरातला मिळालेली रक्कम गुलदस्त्यात. मुंबईच्या कोणत्याही चाहत्याने वहीत हा सौदा लिहिला असता, तर मी त्यावर लाल शाईने "अशक्य" असाच शेरा मारला असता. तो शक्य झाला तो तिसऱ्या पात्रामुळे: हार्दिकने आपल्या मूळ संघात परतण्याची इच्छा व्यक्त केली, असे गुजरातनेच जाहीर केले. पैशाची जागा करायला मुंबईला १७.५ कोटींचा कॅमेरून ग्रीन बंगळुरूला द्यावा लागला. म्हणजे फुकट काही आले नव्हतेच.

आणि मग काय झाले? डिसेंबरात मुंबईने रोहित शर्माऐवजी हार्दिकला कर्णधार केले. पाच विजेतेपदे मिळवून देणाऱ्या रोहितला बाजूला केले, याचा राग चाहत्यांनी ज्याला मागून घेतले होते त्याच्यावरच काढला. २०२४ च्या एप्रिलमध्ये वानखेडेवर, आपल्याच मैदानात, आपल्याच कर्णधाराची प्रेक्षकांनी हुर्यो केली. मुंबई त्या हंगामात दहाव्या, म्हणजे शेवटच्या क्रमांकावर राहिली, गुजरात आठव्या. घरच्या मैदानात हुर्यो ऐकत नाणेफेकीला उभा राहणारा तो माणूस मला विसरता येत नाही. वहीतल्या सौद्यात त्याचे नाव बाणाच्या या टोकाकडून त्या टोकाकडे जाते, आणि तेवढ्यावर त्याचे काम संपते. पुढे २९ जून २०२४ रोजी बार्बाडोसला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातले शेवटचे षटक त्याच हार्दिकने टाकले, आणि ४ जुलैला त्याच वानखेडेवर त्याच्या नावाचा जयघोष झाला. हुर्यो करणारे आणि जयघोष करणारे वेगवेगळ्या गावांहून आले होते, असे मला वाटत नाही.

आता ज्याला मी या प्रकारातली खरी बांधेसूद कृती म्हणेन, तिच्याकडे वळतो. ती कोणा चाहत्याने लिहिलेली नाही. १५ नोव्हेंबर २०२५ रोजी राजस्थानने संजू सॅमसन चेन्नईला दिला, आणि चेन्नईने रवींद्र जडेजा आणि सॅम करन राजस्थानला दिले.

आधी दोन्ही घरांची स्थिती पाहावी. २०२५ च्या हंगामात राजस्थान नववे आणि चेन्नई दहावे, म्हणजे दोघेही गल्लीच्या टोकाला. चेन्नईचा यष्टिरक्षक धोनी चव्वेचाळीस वर्षांचा झालेला. घराला वारस हवा. सॅमसन एकतीस वर्षांचा, यष्टिरक्षक, फलंदाज आणि कर्णधारही. त्याला राजस्थान सोडायचे आहे, असे काही महिने छापून येत होते. त्या महिन्यांत चेन्नईच्या बाजूने जे सौदे आमच्या चहाच्या गाड्यांवर ऐकू आले, त्यांत राजस्थानला काय काय देऊ केले होते ते येथे लिहीत नाही. दिवाळीचे दिवस आहेत. जडेजाचे नाव मात्र त्यांत कोणी घेत नव्हते. कसे घेणार? २०१२ पासूनचा हा माणूस. २०२३ च्या अंतिम सामन्यात दोन चेंडूंत दहा धावा हव्या असताना षटकार आणि चौकार मारून त्याने विजेतेपद हातात ठेवले होते.

पण राजस्थानने हात पुढे केला तो तेथेच, जेथे दुखत होते. त्यांचीही बाजू समजून घ्यावी. सॅमसन २०१३ साली त्यांच्याकडे आला तेव्हा मिसरूड फुटलेला मुलगा होता. २०२१ पासून त्यांचा कर्णधार, २०२२ मध्ये त्यांना अंतिम फेरीत नेणारा. असा माणूस जाणार, तर त्याच्या जागी येणारा असा हवा की घरातल्यांनी विचारू नये, "याच्यासाठी दिला?" जडेजा तसा होता, शिवाय २००८ साली एकोणीस वर्षांचा असताना राजस्थानकडूनच तो पहिले विजेतेपद खेळला होता.

हिशेब पाहायला मॅट्रिकपुढचे गणित लागत नाही; माझ्याजवळ त्यापुढचे नाहीही. सॅमसनचे १८ कोटी राजस्थानच्या थैलीतून मोकळे झाले. जडेजाचेही मानधन १८ कोटीच होते, करनचे २.४ कोटी. बेरीज २०.४. अठरा देऊन वीस कसे घ्यायचे? जडेजाचे मानधन १४ कोटींवर आले, आणि बेरीज १६.४ झाली. म्हणजे तिसऱ्या पात्रानेही आपल्या पदरचे चार कोटी सोडले. त्यातच राजस्थानकडे परदेशी खेळाडूंच्या आठही जागा भरलेल्या. इंग्लंडचा करन घ्यायचा तर आधी कोणाला तरी उठवणे भाग. हसरंगा आणि तीक्षणा हे श्रीलंकेचे दोघेही फिरकी गोलंदाज राजस्थानने सोडले. वहीतल्या बाणाला या खुर्च्या दिसत नाहीत.

ती बातमी आली त्या संध्याकाळी धुळ्याला पाचकंदील भागात दोन तरुण वाद घालीत होते. एक चेन्नईवाला, एक राजस्थानवाला. दोघांचेही म्हणणे एकच, की आपल्याला लुबाडले. चेन्नईवाला म्हणत होता, घरचा माणूस दिला आणि वर करनही दिला. राजस्थानवाला म्हणत होता, एकतीस वर्षांचा दिला आणि सदतिसाव्यात पाऊल टाकणारा घेतला. दोघांचीही आकडेवारी बरोबर होती. चहाचे पैसे मात्र कोणी द्यायचे यावरून त्यांचे एकमत होईना, म्हणून गाडीवाला शेवटी म्हणाला, "अर्धे अर्धे टाका ना, भाऊ." असा सौदा चेन्नईच्या कोणा चाहत्याने आपल्या वहीत लिहिला नसता, आणि राजस्थानच्या चाहत्यानेही नाही.